कासव जेवत नाही, आत्ते!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. वय वर्षे दहा. एरवी फोनवर "हं", "नाही", "देतो आईला" यापलीकडे न बोलणारा मुलगा, पण त्या रात्री आवाज रडवेला होता.

"आत्ते, बुलेट कायच खाईना झालाय."

बुलेट कोण हे मला माहीत नव्हतं. मग फोन वहिनीच्या हातात गेला आणि उलगडा झाला. मागच्या रविवारी सगळे कणकुंबीला गेले होते. माऊलीचं दर्शन, मलप्रभेच्या उगमाचं कुंड, येताना जांबोटीत चहा, असा बेळगावकरांचा पावसाळ्यातला नेहमीचा फेरा. देवळापासून थोडं पुढे, रोपलावण झालेल्या शेताच्या बांधाशी याला कासवाचं पिल्लू दिसलं. काडेपेटीहून लहान. कुणाचं लक्ष नाही असं बघून पिल्लू डब्यात गेलं, डबा सॅकमध्ये आणि सॅक बेळगावात. घरी आल्यावर बिंग फुटलं, पण तोवर नाव ठेवून झालं होतं. एकदा नाव ठेवलेलं जनावर "जा, सोडून ये" म्हणणं कुठल्या आईबापाला सहज जमतं?

आता पाचवा दिवस होता. पालक, कोथिंबीर, काकडी, पेरूची फोड, भिजवलेली हरभरा डाळ, बिस्किटाचा चुरा, सगळं पुढे ठेवून झालं. आज्जीने वाटीत दूधही ठेवून पाहिलं. बुलेट कोपऱ्यात मान आत ओढून बसलेला. दादा म्हणाला, "इंटरनेटवर पाहिलं तर एक जण म्हणतो टोमॅटो द्या, दुसरा म्हणतो टोमॅटो अजिबात देऊ नका. काय करायचं सांग."

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे आमच्या घरात चार पायांच्या कशाचंही काही बिघडलं की फोन माझ्याकडे येतो. मी म्हटलं, "काय घालायचं ते नंतर बघू. आधी फोटो पाठव. पाठीचा एक आणि पोटाचा एक."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, सगळ्यात आधी हेच करायचं असतं. कासव हे एका प्राण्याचं नाव नाही. गाय, उंट आणि हरीण यांना मिळून आपण "खुरवाले" म्हटलं आणि विचारलं की खुरवाल्याला काय घालू, तर काय उत्तर देणार? कासवांचंही तसंच आहे. कुणी गवत खातं, कुणी गोगलगाय. कुणी कोरड्या माळावर जगतं, कुणाला पाण्याबाहेर घास गिळताच येत नाही. म्हणून आपल्या भागात हातात येऊ शकतील अशी चार कासवं ओळखायला शिका.

पहिलं काळं कासव. ओढे, तळी, भातशेतं यांच्या आसपास राहणारं. पाठ काळपट तपकिरी आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे तीन कंगोरे. शास्त्रीय नावातल्या "ट्रायजुगा" शब्दात हेच तीन कंगोरे आहेत. पिल्लांत ते जास्त ठळक दिसतात. हे मिश्राहारी आहे. पानं, पाणवनस्पती, गांडुळं, गोगलगाई, जे मिळेल ते खातं. बाहेर पडतं बहुतेक संध्याकाळी आणि रात्री.

दुसरं मऊ पाठीचं तळ्यातलं कासव. पाठीवर खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी, नाक पुढे आलेलं, आणि पोटाखाली पाय झाकायला दोन झडपा. विहिरीत आणि तळ्यात बऱ्याचदा दिसतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला.

तिसरं तारा कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. हे पूर्णपणे जमिनीवरचं, कोरड्या माळरानातलं, झुडपांतलं. कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या रानातलं हे नव्हेच. तरीही शहरातल्या घरांत सापडतं, कारण ते चोरट्या बाजारात विकलं जातं.

चौथं लाल कानाचं, दुकानात काचेच्या भांड्यात मिळणारं हिरवं पिल्लू. डोळ्यामागे लाल पट्टा. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्याकडचं नाही.

फोटो आले. पाठीवर तीन कंगोरे. पोटाच्या मधोमध नाभीसारखी बारीक खूण. म्हणजे काळं कासव, आणि अंड्यातून बाहेर येऊन फार दिवस न झालेलं.

"मग त्याला भूक नाही का?" भाच्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर कळायला आधी एक जुनी समजूत बघावी लागेल. आमच्या आज्जीने ती त्या रात्री फोनवर ऐकवलीच. "कासवी पिलांना दूध पाजत नाही बाळ. नुसती लांबून बघते, आणि तिच्या नजरेनं पिलं वाढतात." संतांच्या ओव्या-अभंगांत हा दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो. देवाची किंवा गुरूची कृपादृष्टी म्हणजे कासवीची नजर. दृष्टांत म्हणून फार सुंदर आहे. निसर्गात मात्र कासवी अंडी घालते, माती ओढून खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा बघायला ती नसते.

मग पिल्लांना पहिले दिवस कोण खाऊ घालतं? तर आईने आधीच बांधून दिलेला डबा. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बाहेर आल्यावरही काही दिवस त्यावर चालतं. पोटावरची ती खूण तिथलीच. म्हणून अगदी ताज्या पिल्लाने चार-सहा दिवस तोंड उघडलं नाही तर त्यात अघटित काही नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना तुमच्यातल्या काहींनी पाहिली असतील. चिपळूणच्या "सह्याद्री निसर्ग मित्र" या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने तिथे घरटी राखायला सुरुवात केली. तिथे पिल्लांना कुणी भरवत नाही. वाळूवर सोडतात, ती आपली आपण पाण्याकडे चालत जातात. शिदोरी पोटात असते.

पण डबा कधीतरी संपतो. बुलेटचा किती शिल्लक आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि टबात बसल्या बसल्या तो नुसताच संपत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी जाऊन टब बघितला. भाच्याने मनापासून सजवला होता. माशांच्या टाकीतले निळे-गुलाबी खडे, एक प्लास्टिकचं झाड, खोलगट भाग करून भरपूर पाणी, आणि वरून टेबललॅम्प, "त्याला अंधारात भीती वाटू नये म्हणून." पिल्लाला लपायला मात्र कुठेही जागा नव्हती. दर दहा मिनिटांनी कुणीतरी वाकून बघत होतं, उचलून तळहातावर घेत होतं, तोंडाशी पालक नेत होतं.

आपण त्या जागी असतो तर जेवलो असतो का?

कासव जेवत नाही तेव्हा आपलं सगळं लक्ष ताटाकडे जातं. खरं तर दहातल्या आठ वेळा गोष्ट घराची असते. कारण अगदी साधं आहे. कासवाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच आत. आत ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, आणि पचणार नसेल तर भूकही लागत नाही. जुलैत बेळगावच्या घरातली फरशी आणि टाकीचं पाणी किती गार असतं ते आपल्याला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, कणकुंबीतही गारवाच की. खरं आहे. पण तिथे पिल्लाला निवडायला मिळतं. ढग फाटून ऊन पडलं की बांधावर यायचं, गार वाटलं की कुजत्या पानांच्या उबेत शिरायचं, पक्षी दिसला की गवतात दडायचं. प्लास्टिकच्या टबात सगळीकडे एकच. तिथे निवड नाही, आणि लपता येत नाही म्हणून सतत धोका. घाबरलेलं रानटी पिल्लू एकच गोष्ट करतं, मान आत ओढून थांबतं.

पहिलं काम म्हणजे फोन. रानातलं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते प्रेमाने आणलेलं असो वा विकत घेतलेलं. कणकुंबीच्या आसपास तर भीमगड अभयारण्याचं रान आहे. २०११ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं. दादाला थोडी धास्ती वाटत होती. "उगाच दंडबिंड लागला तर?" मी म्हटलं, आपण लपवलं तर ती चोरी, सांगितलं तर ती दुरुस्ती. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही आहे. फोन लावला. पलीकडच्या माणसाने रागावणं सोडाच, आधी विचारलं की नेमकं कुठे सापडलं. मग म्हणाले, त्याच जागी सोडायला हवं, आमच्या माणसाला बरोबर घेऊन सोडा. फक्त आज येऊ नका, घाटरस्त्यावर झाड पडलंय.

म्हणजे बुलेटचा मुक्काम आणखी एक रात्र. तेवढ्यासाठी आम्ही जे केलं ते सांगते. हे पाळण्यासाठीचं मार्गदर्शन नव्हे. सापडलेलं पिल्लू सुखरूप परत पोचेपर्यंतची ही सोय आहे.

रंगीत खडे काढले. असे खडे पिल्लं गिळतात आणि आतड्यात अडकतात. टबाची एक बाजू उंच केली. तळाला अंगणातली ओली माती आणि त्यावर पाला पसरला. खालच्या बाजूला बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी, पिल्लाच्या हनुवटीपर्यंत पोचेल इतकंच. पाण्यातलं कासव असलं तरी एवढंसं पिल्लू उलटं पडलं आणि सुलटं होता आलं नाही तर बुडतं. वरच्या बाजूला मंगळुरी कौलाचा फुटका तुकडा पालथा घातला. हे त्याचं घर. टब फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, फ्रिजच्या मागच्या भिंतीला, जिथे थोडी ऊब असते. टेबललॅम्प बंद. आणि सर्वांत कठीण नियम: कुणीही उचलायचं नाही, सहा वाजेपर्यंत बघायलाही जायचं नाही.

"बघायलाही नाही?" भाचा.

"तू बघत असताना तुझ्या मुख्याध्यापकांनी डबा खा म्हटलं तर खाशील?"

तो गप्प बसला.

तिन्हीसांज झाल्यावर आम्ही दोघं अंगणात गेलो. कुंडीखालची माती उकरून दोन बारीक गांडुळं काढली. खत किंवा कीटकनाशक न घातलेल्या कुंडीतली, हे महत्त्वाचं. ती उथळ पाण्यात सोडली आणि स्वयंपाकघराच्या दारात, लांब, अंधारात बसून राहिलो. पालक आणि काकडी पाच दिवस पुढ्यात पडून होती, पण ती हलत नव्हती. लहानपणी या कासवांना वळवळणारं जास्त कळतं.

वीस मिनिटं काही नाही. मग कौलाखालून नाक आलं. मग मान. मग पिल्लू चक्क चालत पाण्यात उतरलं, थांबलं, आणि एकदम मान पुढे टाकून गांडूळ पकडलं. पुढच्या पायांनी ओढत, तोडत, अर्धं गिळलं.

भाच्याने माझा हात एवढा घट्ट धरला की नखं रुतली. आवाज मात्र केला नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. इतके दिवस "खात नाही, मरेल" म्हणून परत नेणं सगळ्यांना पटत होतं. आता तो खात होता. रात्री जेवताना भाचा म्हणाला, "आत्ते, आता कळलं की आपल्याला कसं ठेवायचं ते. मी रोज गांडूळ काढीन. मग कशाला परत?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. त्याचंही मन मोडलं असावं. कायद्याचं उत्तर तयार होतं, पण दहा वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही. आणि मला वाटतं पुरूही नये. मी त्याला हिशेब घालून दिला. हे कासव नीट जगलं तर कित्येक वर्षं जगेल. तू कॉलेजला जाशील, नोकरीला पुण्याला नाहीतर बंगळूरला जाशील, तेव्हाही हे टबातच असेल. रोज गांडूळ पुरत नाही, त्याला पाला हवा, गोगलगाय हवी, कवच घट्ट व्हायला कॅल्शियम हवं, अंगावर थेट ऊन हवं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं ते काचेत अडतात. ते नसलं की कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. हे सगळं कणकुंबीच्या त्या बांधावर फुकट आहे आणि तुझ्या बाबांच्या पगारात बसणार नाही.

शेवटी मी विचारलं, "तू त्याला का आणलंस?"

"ते एकटं होतं."

हे ऐकून माझ्या घशात आवंढा आला. चोरी म्हणून नाही, दया म्हणून आणलेलं होतं. मी सांगितलं, कासवाचं पिल्लू एकटंच असतं. तशीच त्यांची रीत आहे. ते हरवलेलं नव्हतं. आपण आणल्यावर हरवलं.

तो त्यावर काही बोलला नाही. रात्री झोपायच्या आधी टबापाशी गेला, खाली बसला आणि हात मागे बांधून नुसतं बघत राहिला. आज्जी हळूच मला म्हणाली, "बघ, कासवीसारखा बघायलाय."

दुसऱ्या दिवशी झाड हटवलं होतं. डब्यात ओला पाला, झाकणाला भोकं, डबा मांडीवर. जांबोटी ओलांडल्यावर पाऊस असा की वायपरला काही सुचेना. कणकुंबीला वनखात्याचे एक जण छत्री घेऊन उभे होते. आमचं बोलणं मराठीत, मध्येच त्यांचं कोंकणी वळणाचं, मध्येच कानडी. भाच्याने त्यांना बरोबर जागा दाखवली, तो बांध, ते फणसाचं झाड, तो ओहोळ. पाच-सहा दिवसांत रोपं जरा उभी राहिली होती. डबा आडवा धरला. बुलेट थोडा वेळ थांबला, मग चिखलात पाय टाकून दोन रोपांच्या मधून गेला. पाठीचे तीन कंगोरे एकदा दिसले आणि मातीच्या रंगात मिसळून गेले. मागे वळून बघणं वगैरे काही झालं नाही. ते सिनेमात होतं.

तिथूनच जवळ मलप्रभा उगम पावते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. ते पाणी, तो चिखल, ती गांडुळं याच नदीच्या पहिल्या थेंबांवर जगतात. देवळाच्या दारात दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून आत जातो. जिवंत कासव देवळामागच्या शेतात असतं. त्याला हात न लावणं हाच त्याचा मान.

आता ज्यांच्या घरी आधीपासून दुकानातून आणलेलं लाल कानाचं कासव आहे, त्यांच्यासाठी थोडं. दुकानदार सांगतो, "एवढंच राहतं, महिन्याला एक डबी खाऊ पुरतो." दोन्ही खोटं. मादी फूटभर वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. त्या डबीतल्या नुसत्या सुकटीवर ठेवलं तर जीवनसत्त्व अ कमी पडून डोळे सुजतात, मग दिसत नाही, मग खात नाही. "कासव खात नाही" याची शहरातली सर्वांत सामान्य गोष्ट हीच. या कासवाची जीभ जागची हलत नाही, म्हणून घास पाण्यातच गिळता येतो. कोरड्यावर कितीही वाढा, उपयोग नाही.

त्याला पोहता येईल एवढं पाणी, पिल्लू असेल तर साधारण २६ ते २८ अंश. पाण्याबाहेर कोरडं होऊन बसायला जागा आणि तिथे तीस-बत्तीस अंशांची ऊब. गच्चीत किंवा गॅलरीत रोज थोडा वेळ थेट ऊन, पण सावलीत सरकता येईल अशी सोय ठेवून. भर उन्हात काचेच्या भांड्यात ठेवलं तर ते अक्षरशः शिजतं. खायला चांगल्या गोळ्या, जलकुंभीसारखा पाला, अधूनमधून गांडूळ. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. दूध, पोळी, भात, बिस्किट कधीच नाही. आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं हाड, पाण्यात टाकून ठेवा. कासव तो कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत कुणाकडे कागदपत्रांसह घेतलेलं जमिनीवरचं कासव असेल, तर त्याचं गणित वेगळं. त्याला गवत, रानटी पाला, फुलं, कमी प्रथिनं. पिल्लू खाईना झालं तर कोमट पाण्यात, हनुवटीच्या खाली राहील एवढ्या, पंधरा-वीस मिनिटं बसवा. पाणी पोटात गेलं, शी झाली, की बऱ्याचदा भूक उघडते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. न खाणारं पण वजन टिकवणारं कासव थांबू शकतं. वजन घटणारं थांबू शकत नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, मिटलेले डोळे, बोटाने दबणारं कवच, यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय बंद आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य. तोंड जबरदस्तीने उघडून कधीही भरवू नका. जबडा मोडतो.

हात धुवायचं विसरू नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून दहा सेंटीमीटरहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

आणि कंटाळा आला म्हणून हे कासव तळ्यात सोडू नका. बुलेटला सोडणं बरोबर, याला सोडणं चूक. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जातींच्या यादीत हे आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. आपल्या तळ्यातलं ऊन, अन्न आणि जागा ते काळ्या कासवाकडून हिरावतं. पाळणं जमत नसेल तर प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या जाणत्या संस्थेशी बोला.

तारा कासवाचं तर विचारूच नका. घरात ठेवलं की लक्ष्मी येते म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका. २०१८ च्या नोव्हेंबरात ५१ तारा कासवं सिंगापूरहून विमानाने बंगळूरला परत आणली गेली, रानात सोडण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. इतक्या लांब गेलेली पिल्लं परत येणं हा अपवाद. बाकीची कुणाच्या तरी घरी, कोपऱ्यात, मान आत ओढून बसलेली असतात. आणि कुणीतरी त्यांच्यापुढे काकडी धरून विचारत असतं, का खात नाही?

भाच्याच्या घरी तो टब आता कोथिंबिरीला दिला आहे. कौलाचा तुकडा मात्र त्याने टाकू दिला नाही. या पावसाळ्यात पुन्हा कणकुंबीला जायचं ठरलंय. वहिनीने बजावून ठेवलंय की सॅक तपासूनच गाडीत बसायचं, जातानाही आणि येतानाही.